ठाणे ते कोपर, आठ सेकंदांसाठी

कोपर बघायला कोणी जात नाही. ठाण्याहून निघालं की कळवा, मुंब्रा, दिवा आणि मग कोपर. तिथे ज्यांचं घर नाही त्यांना उतरायचं काही कारण नसतं. खिडकीत बसलेले लोक खाडी आली की नाकाला रुमाल लावतात. मी त्याच खाडीवर जन्मले. तरी भाऊ वारल्यापासून माझंही तिकडे जाणं सुटलं होतं. एका थंडीत मात्र मी ठाण्याहून कोपरला तीन दिवस जाऊन आले. वीस-पंचवीस मिनिटांच्या त्या वाटेला आम्हाला अख्खा एक दिवस लागला. त्याची ही हकीकत. मी चौथीपर्यंत शिकले आहे. यंत्राबद्दल जे लिहिते ते सुनेला विचारून लिहिते. बाकीचं मला कोणाला विचारायची गरज नाही.

सून म्हणजे सुनंदा. नौपाड्यात मागच्या गल्लीत सामंतांचा छोटा कारखाना आहे, तिथे ती फिटर. त्या वर्षी तिच्याकडे एक यंत्र आलं. आपल्या देशाच्या पूर्वेच्या समुद्रावर सरकारची एक जागा आहे, तिथे रॉकेटं उडवून बघतात. उडालेलं रॉकेट कुठून कुठे गेलं, वाकडं गेलं की सरळ, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून लांबून त्याच्यावर नजर ठेवणारं यंत्र लागतं. एक मोठी दुर्बीण, माझ्या हाताएवढी लांब, तिच्या मागे फिल्मचा कॅमेरा, आणि हे सगळं गोल फिरणाऱ्या बैठकीवर. चालवणाऱ्याने मागच्या पाटावर बसायचं. डाव्या हाताचं चाक फिरवलं की दुर्बीण आडवी फिरते, उजव्या हाताचं फिरवलं की वरखाली होते. बघायच्या काचेत दोन बारीक रेघांची फुली असते. रॉकेट त्या फुलीवर धरून ठेवायचं, बस. कॅमेरा सेकंदाला पाचशे चित्रं काढतो. हे मला खोटं वाटलं होतं.

यंत्र परदेशी. उजव्या चाकाचे दाते झिजले होते आणि बनवणाऱ्यांनी तो भाग करणंच बंद केलं होतं. सुनंदाने नवे दाते कापले, घासले, बसवले. यंत्राबरोबर तिकडून नायर नावाचे साहेब आले होते. त्यांनी चाक फिरवून बघितलं आणि सामंतांना विचारलं, "ये किसने किया?" सामंतांनी सुनंदाकडे बोट दाखवलं. मग नायर साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, यंत्र उघड्या आभाळाखाली चालवून, फिल्म काढून बघितल्याशिवाय ते सही करणार नाहीत. दोन, फिल्म चांगली आली तर चालवायला आणि सांभाळायला सुनंदाने सहा महिने तिकडे यावं. नाही आली तर तिकडचा माणूस आहेच.

सुनंदाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती उभी होती. एरवी ती आल्या आल्या पंख्याखाली बसते.

मी काय म्हटलं ते खरं सांगते. मी म्हटलं, "आणि इथे चूल कोण बघणार?" मी तीन वर्षांपूर्वी स्वयंपाक सोडला होता. चाळीस वर्षं मासळीची पाटी डोक्यावर आणि वर घरचं जेवण, पुरे झालं होतं मला. माझे गुडघे गेलेत. रमेश, म्हणजे माझा मुलगा, टेम्पो चालवतो आणि त्याला चहासुद्धा करता येत नाही. वर दोन नातवंडं. तेव्हा सुनेने जाऊ नये असं मला वाटत होतं आणि मी ते लपवलं नाही.

नौपाडा ते शीळफाटा

उघडं आभाळ ठाण्यात उरलेलं नाही. जिथे बघावं तिथे इमारत नाहीतर तारा. सुनंदानेच सुचवलं, "आईंच्या माहेरी जाऊया. कोपरच्या खाडीवर जुन्या मिठागराचा बांध आहे, समोर अर्ध्या कोसापर्यंत काही नाही." टेम्पो रमेशचाच ठरला. जेवण करायला माणूस हवं, आणि माहेर माझं, म्हणून मी. म्हणजे चूल तिथूनच माझ्या गळ्यात पडायला लागली होती.

नायर साहेबांनी यंत्र गोधड्यांत गुंडाळून घेतलं. मग पेटीवर स्टीलची वाटी ठेवली, पाण्याने काठोकाठ भरलेली. "पानी गिरेगा तो गाड़ी धीरे."

रमेश म्हणाला, "साब, इससे धीरे गया तो गाड़ी बंद पड़ेगा."

"तो बंद पड़ने दो."

साहेब पुढे बसले. मागे सुनंदा आणि मी. पाणी सांडलं की ओरडायचं काम माझ्याकडे. कळव्याच्या पुलावर आमच्या पुढे सायकली गेल्या. नंतर एक हातगाडीवाला गेला, आणि त्याने मागे वळून आमच्याकडे दयेने बघितलं. दर दोन मिनिटांनी मी ओरडायचे, "सांडलं!" रमेश ब्रेक दाबायचा, त्याने आणखी सांडायचं.

मुंब्र्याला मला तहान लागली. सुनंदा पेटीला टेकून झोपली होती. मी वाटी उचलली आणि पिऊन टाकली. त्यानंतर शीळफाट्यापर्यंत पाण्याचा थेंब सांडला नाही. फाट्यावर चहाला उतरलो तेव्हा नायर साहेबांनी रमेशच्या पाठीवर थाप मारली. "अब आपको चलाना आ गया." यंत्राला काही झालं नाही म्हणून आता सांगायला हरकत नाही.

फाट्यावर मी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा सोडला. मला वाटलं, साहेब नाक धरतील. ते केरळचे निघाले. तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणाले, चांगलं आहे, पण खोबरेल तेलात करायला हवं होतं.

मी म्हटलं, "तेल डोक्याला लावतात."

"हमारे यहाँ दोनों जगह," ते म्हणाले.

"मग केस आणि कालवण एकाच वासाचं?"

सुनंदाने हे हिंदीत सांगायला नकार दिला.

कोपर

ठाकुर्लीचं फाटक उघडायची वाट बघण्यात तासभर गेला. कोपरला पोचलो तेव्हा उन्हं उतरत आली होती. माझी भावजय हिराबाय दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"आयलीस गो! वाटेन घर बांधून ऱ्हायलीस का कं?"

हिराबाय माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. भाऊ गेल्यापासून होडी तीच वल्हवते, जाळं तीच टाकते, आणि गावात भांडणही तीच करते. तिने पेटीकडे बघितलं, नायर साहेबांच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघितलं. विचारलं, "ये क्या है?" साहेब दमलेले होते. ते एवढंच म्हणाले, "आज कुछ नहीं. कल ट्रैकिंग, परसों शूटिंग."

यातला एकच शब्द हिराबायला कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर यंत्र लावत होतो, तेव्हा अर्धा कोळीवाडा तिथे येऊन उभा होता. बायका लग्नातली लुगडी नेसून, अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं घालून. पोरांच्या तोंडाला पावडर. गावच्या बँडचा ट्रंपेटवाला ट्रंपेटसकट. हिराबाय सगळ्यांच्या पुढे, हिरवी रेशमी साडी, अंबाड्यात गजरा.

"हीरो कोन हाय?" तिने मला हळूच विचारलं.

मी म्हटलं, "हीरो नाही. रॉकेट बघायचं यंत्र आहे. इथे रॉकेटही नाही."

"मग बघनार कं?"

"फुगा."

लोकांना राग आला. पण इतकं नटल्यावर घरी कोण जाणार? सगळे बांधावर बसून राहिले.

फुगा मोठा होता. उन्हात दिसावा म्हणून त्याला चांदीच्या कागदाची शेपटी लावली होती. तो वर सोडायचा आणि सुनंदाने फुलीवर धरायचा. फिल्मचा डबा एकच होता, शंभर फुटांचा, तोही बाहेर देशातून आलेला. म्हणून आधी फिल्मशिवाय सराव. साहेबांनी दोर सोडला. फुगा झकास वर गेला. चांदीची शेपटी लखलखली. आणि वरून घार आली, तिने शेपटी पकडली आणि फुगा फाट्कन फुटला. बांधावर टाळ्या पडल्या. ट्रंपेटवाल्याने वाजवलं.

दुसरा फुगा. तोही घारीने घेतला.

तिसरा सोडायच्या आधी मी साहेबांना सांगितलं. हा किनारा आमच्या मासळी साफ करायच्या जागेचा. इथल्या घारी पिढ्यान् पिढ्या चांदीसारख्या चमकणाऱ्या बोय माशांची डोकी खाऊन मोठ्या झाल्यात. चांदीसारखं काही हललं की त्यांना ती बोयच वाटणार. तुम्ही फुगा पाठवत नाही, जेवण पाठवताय.

साहेब डोकं धरून बसले. फुगे तीनच होते. सुनंदा मात्र पाटावरून उठली नव्हती. दोन्ही हात दोन्ही चाकांवर, डोळा काचेला. चाकं फिरतच होती. कधी भराभर, कधी केसाएवढी.

"आप क्या देख रही हो?" साहेबांनी विचारलं.

"घार," ती म्हणाली.

साहेबांनी बाजूच्या दुसऱ्या काचेतून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "माँजी, ये पक्षी बुलाने से आता है?"

मी जाऊन हिराबायला सांगितलं, "हीरो ठरला. घार."

पलीकडचा किनारा

घार बोलवणं हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. सात वर्षांची असताना आईच्या शेजारी बसून मासे कापायला लागले तेव्हापासून मी डोकी आणि आतडी वर फेकते आहे. नीट उंच फेकलं तर घार ते पाण्यात पडू देत नाही, हवेतच उचलते. बुटकं फेकलं तर ती खाली बसून खाते. लांब फेकलं तर कावळे येतात आणि घार कंटाळून निघून जाते. सगळं मनगटात असतं.

ठरलं असं की मी होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं. इकडे बांधावर साहेब लाल निशाण धरणार. निशाण खाली पडलं की कॅमेरा चालू होणार आणि मी डोकं फेकणार. कॅमेरा सुरू झाला की आठ सेकंदांत फिल्म खलास. दुर्बीण आधी माझ्यावर धरलेली असेल. जी घार डोकं उचलेल तिला सुनंदाने फुलीवर घ्यायचं आणि फिल्म संपेपर्यंत सोडायचं नाही. घार निसटली तर फिल्म वाया, साहेब सही करणार नाहीत आणि तिचं जाणं संपलं. हिराबाय म्हणाली, मी फेकते. मी म्हटलं, तू कॅमेऱ्याकडे बघत बसशील.

संध्याकाळी सुनंदा आणि मी ओट्यावर निवट्या साफ करत होतो. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासे. ठाण्यात आता मिळत नाहीत, आणि मिळाले तर मला परवडणारे नसतात. सुनंदाला ते साफ करता येत नाहीत, सारखे हातातून सुटतात.

"आई, मी गेले तर तुम्हाला जमेल?" तिने विचारलं.

"नाही जमणार."

"रमेश म्हणतो, तो शिकेल."

"रमेशला भात आणि पेज यातला फरक कळत नाही."

ती हसली. मग म्हणाली, "मग उद्या लांब फेका. कावळे येतील. कोणाला काही कळणार नाही."

चेष्टाच केली तिने. पण चेष्टा करून माझ्याकडे बघितलं नाही, निवटीकडे बघत राहिली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि साफ केली. कालवण चांगलं झालं होतं. साहेबांनी दोनदा घेतलं आणि खोबरेल तेलाचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी भरती पूर्ण झाल्यावर हिराबायने मला पलीकडे नेलं. ओहोटी लागली की त्या बाजूला गुडघाभर चिखल होतो, म्हणून त्याच्या आत काय ते उरकायचं होतं. तिवरांच्या झाडांमधे थोडी टणक जागा आहे, तिथे मी उभी राहिले. शेजारी डोक्यांची बादली. हिराबायला मी बाजूला बसायला सांगितलं. ती बसली, पण पदर नीट करून. मी चार-पाच डोकी आधीच फेकली, घारी गोळा केल्या. वर आठ-दहा फिरत होत्या. समोर बांधावर सगळं गाव मुंग्यांएवढं दिसत होतं. मला लांबचं अजून चांगलं दिसतं, जवळचं दिसत नाही. निशाण दिसत होतं. यंत्राच्या मागे बसलेली सुनंदाही दिसत होती. ती काय करत होती ते मात्र दिसत नव्हतं.

मी मोठं डोकं निवडलं, हात वर केला आणि थांबले. निशाण पडलं.

मी फेकलं. चांगलं उंच गेलं. घार आली, उचललं, तिवरांवरून वर निघून गेली. एवढंच. हिराबाय म्हणाली, "झाला शूटिंग?" मी म्हटलं, "झालं." तिचा चेहरा पडला. दोन दिवस लुगडी बदलली त्या मानाने फारच लवकर झालं होतं.

फिल्म कशी आली ते तिथे कळत नाही. ती अंधारात धुवावी लागते. आम्ही पेटी बांधली. परतताना साहेबांनी वाटी ठेवली नाही, त्यांचा रमेशवर विश्वास बसला होता.

पुन्हा नौपाडा

आठवड्याने सामंतांनी कारखान्याच्या वरच्या खोलीत पडदा लावला. पडदा म्हणजे धुतलेली चादर. सामंत, नायर साहेब, सुनंदा, रमेश, मी. हिराबाय खास कोपरहून आली होती, त्याच हिरव्या साडीत.

खिडक्या लावल्या, फिल्म दाखवायचं यंत्र घरघरलं. काळ्यापांढऱ्या चित्रात मी उभी. इतक्या लांबून माझ्या तोंडातले पडलेले दात दिसत होते. मधोमध फुली, बरोबर माझ्या नाकावर. आठ सेकंदांची फिल्म पडद्यावर जवळजवळ तीन मिनिटं चालते, हे सुनंदाने आधी सांगितलं होतं. चित्रं फार दाट काढलेली असतात म्हणून. बाजूला हिराबाय कॅमेऱ्याकडे मान वळवत होती. मान वळून हसू पूर्ण व्हायला तिला बराच वेळ लागला.

"कं छान आयलंय," ती म्हणाली.

माझा हात वर होता. हातात डोकं. आणि हात तिथेच होता. हलेना.

"फिल्म अटक गया क्या?" सामंतांनी विचारलं. दिवा आणि भिंग गरम होऊन फिल्म जळेल म्हणून ते उठायला लागले.

नायर साहेब म्हणाले, "नहीं. पानी देखिए."

माझ्या मागे पाणी हलत होतं. पदराचं टोक हळूहळू वर येत होतं. हिराबायचं हसू अजून वाढत होतं. सगळं चालू होतं, फक्त माझा हात थांबला होता. निशाण पडलेलं होतं, कॅमेरा चालू होता, आणि मी डोकं हातात धरून उभी होते. पडद्यावर दहा सेकंद. म्हणजे किनाऱ्यावर अर्धा. बांधावरून कोणालाही दिसलं नव्हतं. मलासुद्धा माहीत नव्हतं. सुनंदा माझ्या पुढच्या खुर्चीवर होती. तिने मागे बघितलं नाही.

मग मनगट वळलं. डोकं वर निघालं, चंद्रासारखं सावकाश. वरच्या कोपऱ्यातून एक घार येत होती. पण ती मी एरवी फेकते त्या वेळेच्या अंदाजाने येत होती. मी उशीर केल्यामुळे तिची झडप चुकली होती. ती पाण्याला टेकता टेकता उलटी फिरली, पंख मोडल्यासारखी, आणि मागून, खालून आली. घार सरळ येणार असं सगळ्यांनी धरलं होतं, ही भलत्याच वाटेने आली. फुली हलली. माझ्या नाकावरून निघाली, एकदा माशाच्या डोक्याच्या पुढे गेली, मागे आली, आणि घारीच्या छातीवर बसली. तिथून ती सुटली नाही. घार वळली तर फुली वळली. घार तिवरांमागे गेली तर फुली आधीच पलीकडे जाऊन थांबली आणि घार तिच्यात येऊन बसली. फिल्म संपेपर्यंत.

चादर पांढरी झाली. नायर साहेबांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. सरळ आली असती तर कोणीही पकडली असती, असं ते म्हणाले. रॉकेट बिघडतं तेव्हा असंच उलटं फिरतं आणि तेव्हाच ते सगळ्यांच्या फुलीवरून निसटतं. मग माझ्याकडे वळले. "माँजी, आपने जानबूझकर देर किया? बहुत बढ़िया टेस्ट लिया."

मी म्हटलं, "हो."

हे मी खोटं बोलले. या सगळ्या प्रवासात वाटीचं आणि हे, एवढीच दोन.

घरी चालत निघालो. रमेश आणि हिराबाय पुढे. सुनंदा माझ्या पावलाने चालत होती. नौपाड्याच्या कोपऱ्यावर तिने विचारलं, "आई, ते दहा सेकंद काय विचार करत होतात?"

"दहा नाही. अर्धा."

"अर्धा सेकंद काय?"

"रॉकेलच्या रांगेचा. तू गेल्यावर ती माझीच."

"आणि मग का फेकलंत?"

"हात दुखायला लागला."

ती इतकी हसली की पुढचे दोघं थांबले. महिन्याने ती गेली.

आता तिची पत्रं येतात. समुद्र इथला ओहोटीला दिसेनासा होतो इतका लांब जातो, लोक शिळ्या भातात पाणी घालून खातात, असं लिहिते. मागच्या पत्रात एक शब्द होता. कॅमेरा रॉकेट उडायच्या आधीपासून चालू करावा लागतो. सुरुवातीच्या शेकडो चित्रांत काहीच घडत नाही, रॉकेट नुसतं उभं. ती फिल्म रोज तपासावी लागते. नायर साहेबांनी त्या चित्रांचं नाव पाडलंय सासू. आता तिकडचे सगळे, ज्यांना मराठी येत नाही तेही, फिल्म लावून म्हणतात, आज सासू लंबी है.

मी उत्तर पाठवलं. रमेशने दोनदा भात करपवला, तिसऱ्यांदा नाही. धाकटीचा दात पडला. माझे गुडघे होते तसेच. आणि शेवटी विचारलं, सासू संपल्यावर रॉकेट उडतं ना?

तिने कार्ड पाठवलं. त्यावर एवढंच, उडतं.

मग ठीक आहे.